दप्तरदारांच्या बायकोची परदेशी गिटार

काम दहा मिनिटांचं होतं. चार तारा बदलायच्या, एक बटण फिरवलं की खरखर यायची ती घालवायची आणि गिटार घरी आणायची. बाईंनी शुक्रवारी सकाळी शाळेला निघताना, एक पाय चपलेत घालत सांगितलं, "अहो, एवढी रेडिओवाल्याकडे टाकून याल का? पुढच्या रविवारी लागणार आहे." यात न कळण्यासारखं काही नव्हतं. पण सोपं काम सोपं राहू देणं दप्तरदारांच्या स्वभावात नव्हतं, आणि त्याला त्यांचाही इलाज नव्हता. माणसाने एकतीस वर्षं सरकारी दप्तरखान्यात काढली की त्याचं असंच होतं.

दप्तरखाना म्हणजे जिथे गावातल्या सगळ्या कचेऱ्यांची आणि शाळांची जुनी कागदपत्रं शेवटची विश्रांती घ्यायला येतात ती जागा. कोणाला जुन्या कागदाची नक्कल हवी असली की दप्तरदारांच्या खिडकीशी यायचं, अर्ज द्यायचा आणि तीन कामाचे दिवस थांबायचं. तातडीच्या नकलेचा वेगळा अर्ज होता. त्यात 'तातडीचे कारण' असा एक रकाना होता. एकतीस वर्षांत दप्तरदारांना एकही कारण पुरेसं वाटलं नव्हतं. लग्नं, परदेशी जाणं, ऑपरेशनं, सगळं त्यांनी शांतपणे वाचून परत केलं होतं. खिशाला पेन आणि पेनाशेजारी एक दाभण, हा त्यांचा कायमचा थाट. दाभण फायली शिवायला. त्या दाभणाने त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाला तळाशी एक भोक पाडलेलं होतं, आणि ती भोकं शिवायचं काम बाईंकडे होतं.

बाई गावातल्याच शाळेत गणित शिकवायच्या. त्याच शाळेत त्या शिकल्या होत्या आणि त्यांचे वडील तिथे सुतारकामाचे मास्तर होते. शाळेत असताना चार मुलींचं एक वाद्यवृंद पथक होतं. एक गायची, एक साधी गिटार वाजवायची, ड्रम बडवणारी पुढे दातांची डॉक्टर झाली, आणि बाईंकडे बेस गिटार होती. चार जाड तारांची, खालच्या आवाजाची. आता शाळेचा जुना हॉल सोमवारी पाडायचा ठरला होता आणि आदल्या दिवशी, रविवारी सकाळी अकराला, तिथे शेवटचा कार्यक्रम होता. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिघींना फोन करून वाजवायला तयार केलं होतं. म्हणून सत्तावीस वर्षांनी ती गिटार माळ्यावरून खाली आली होती.

ती माळ्यावर कशी गेली, याचाही एक किस्सा होता, पण दप्तरदारांच्या लेखी तो किस्साच नव्हता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ते बायकोचं वादन ऐकायला गेले होते आणि परतताना प्रामाणिकपणे म्हणाले होते, "बाकी सगळं ऐकू आलं. तुझं तेवढं नाही ऐकू आलं." महिन्याभराने घरात कपाट आलं, जागा कमी पडली आणि गिटार वर गेली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

तर शुक्रवारी संध्याकाळी दप्तरदार गिटार काखोटीला मारून जिना उतरत असताना वरच्या मजल्यावरचे ऑडिटर भेटले. ऑडिटर निवृत्त होते आणि निवृत्त माणसाला जिन्यात भेटू नये हे दप्तरदारांना ठाऊक होतं, पण हातात एवढी मोठी वस्तू असताना लपणार कुठे? ऑडिटरांनी गिटारच्या डोक्यावर हात फिरवला. तिथे काळ्या लाकडावर सोनेरी रंगात काहीतरी लफ्फेदार लिहिलेलं होतं. आता त्यातली निम्मी वेलबुट्टी झिजली होती.

"फेंडर," ऑडिटर म्हणाले.

समोरच्या ब्लॉकमधल्या नर्सबाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि ते हॉफनर आहे असं सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या विमा एजंटला त्यात रिकेनबॅकर दिसलं. ऑडिटरांनी दोघांनाही हिशेबातली चूक दाखवावी तशा नजरेने गप्प केलं आणि खिशातून फोन काढून तिथेच, जिन्याच्या चौथ्या पायरीवर, गिटार कंपन्यांचा इतिहास वाचायला घेतला. फेंडर कंपनी काढणारा गृहस्थ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. ज्या गिब्सनच्या नावाची कंपनी, तो एकेकाळी चपलाबुटांच्या दुकानात कामाला होता. रिकेनबॅकरवाल्यांची पहिली विजेची गिटार दिसायला थेट तव्यासारखी होती आणि लोक तिला तवाच म्हणायचे. जपानात एका काळी एकाच कारखान्यातून गिटारी बाहेर पडायच्या आणि ज्याने मागवल्या त्याच्या नावाची पट्टी त्यांच्यावर बसायची. हे शेवटचं ऐकून विमा एजंटने मान डोलावली. त्याच्या धंद्यात हे नवीन नव्हतं.

दप्तरदारांना यातल्या कशाशी देणंघेणं नव्हतं. ते फक्त सभ्यपणे उभे होते. पण पुढे ऑडिटर म्हणाले की या कंपन्यांच्या गिटारीवर क्रमांक असतो, मानेच्या तळाशी कोणीतरी पेन्सिलने तारीख टाकलेली सापडते, आणि बटणांच्या पोटातल्या सुट्या भागावरसुद्धा आकडे असतात, त्यावरून तो भाग कोणत्या वर्षी कितव्या आठवड्यात तयार झाला ते काढता येतं. दप्तरदारांनी गिटार काखेतून काढून दोन्ही हातांत धरली. ज्या वस्तूला आवक क्रमांक आहे, तारीख आहे आणि प्रत्येक अवयवाची स्वतंत्र नोंद आहे, तिच्याकडे आपण सत्तावीस वर्षं ढुंकून पाहिलं नाही, याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना संगीत आवडलं.

घरी येऊन त्यांनी बाईंना विचारलं की ही नेमकी कोणत्या कंपनीची. बाई पेपर तपासत होत्या. "असेल कोणत्यातरी," एवढंच म्हणून त्यांनी पुढचा पेपर ओढला, आणि त्या पेपरावर जरा जास्तच जोरात चूक मारली. दप्तरदारांनी ते पाहिलं, पण पेपरच तसा असेल असं त्यांना वाटलं.

शनिवारी ते रेडिओवाल्याकडे गेले. ऑडिटर बरोबर आलेच. रेडिओवाला कामात वाकबगार आणि बोलण्यात कंजूष. त्याने मागची पट्टी उघडली, आत बघितलं आणि हसला. खरखरणारं बटण जुन्या रेडिओतलं होतं, दुसरं दुसऱ्याच रेडिओतलं. आतल्या गुंडाळीची तार बहुतेक कुठल्यातरी ट्रान्सफॉर्मरची. तो म्हणाला, "साहेब, हे कंपनीचं काम वाटत नाही." ऑडिटरांनी ताबडतोब आठवण करून दिली की फेंडरचा मालकही रेडिओवालाच होता, म्हणजे रेडिओचे भाग सापडणं हा उलट पुरावाच झाला. आणि तेवढ्यात दप्तरदारांना तो दिसला. लाकडाच्या आतल्या बाजूला, पांढऱ्या रंगात, ब्रशने लिहिलेला क्रमांक: क-४/१७.

"हा हाताने रंगवलाय," रेडिओवाला म्हणाला.

"चांगल्या कंपन्या हातानेच रंगवतात," दप्तरदार म्हणाले. असा क्रमांक आपण कुठेतरी पाहिलाय, असं त्यांना क्षणभर वाटून गेलं. कुठल्यातरी परदेशी मासिकात असेल, असं म्हणून त्यांनी तो विचार सोडून दिला. त्यांनी आयुष्यात एकही परदेशी मासिक उघडलेलं नव्हतं.

रेडिओवाल्याने बटण बदलायला पक्कड उचलली तर ऑडिटरांनी त्याचा हात धरला. मूळ भाग बदलला तर इतिहासाला बाध येतो. तारासुद्धा मूळ आहेत, गंजल्या म्हणून काय झालं, गंजही मूळ आहे. रेडिओवाल्याने पक्कड खाली ठेवली, खांदे उडवले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचा मिक्सर घेतला. दहा मिनिटांचं काम तिथे संपलं असतं. ते न होता दप्तरदार गिटार जशीच्या तशी घेऊन परत आले आणि बाईंना म्हणाले, तारा यायच्या आहेत. हे खोटं होतं, पण फार लहान.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते प्राचीन व दुर्मीळ वस्तू नोंदणी कार्यालयात गेले. ही कल्पना अर्थातच ऑडिटरांची. एकदा सरकारी दाखला मिळाला की फेंडर का हॉफनर हा प्रश्न कायमचा मिटेल, आणि रविवारी बाई स्टेजवर जातील त्या दाखल्यासकट. दप्तरदारांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. आपण दाखला वाचून दाखवतोय, लोक टाळ्या वाजवतायत, आणि बाईंच्या चेहऱ्यावर नवऱ्याबद्दल जो आदर दिसायला हवा तो एकदाचा दिसतोय.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला आणि विचारलं, वाद्य कोणत्या प्रकारात? तंतुवाद्य, चर्मवाद्य, फुंकून वाजवायचं, असे तीन रकाने होते. दप्तरदार म्हणाले, तंतुवाद्य, पण विजेवर चालतं. कारकुनाने पेन खाली ठेवलं. विजेवर चालतं म्हणजे विद्युत उपकरण, त्याला वीज निरीक्षकाचं पत्र लागेल. आवाज कुठून येतो? दप्तरदार म्हणाले, आवाज दुसऱ्या खोक्यातून येतो. मग ते खोकं कुठाय? त्याचाही अर्ज हवा. उद्या या.

दप्तरदारांना राग आला, आणि त्याच वेळी त्या कारकुनाबद्दल आतून एक प्रकारची ममताही वाटली. ते स्वतः असते तर त्यांनी नेमकं हेच विचारलं असतं. पण खिडकीच्या या बाजूला उभं राहून 'उद्या या' ऐकायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. ते शब्द कानात घुसायला चांगलाच वेळ लागतो, हे त्यांना तिथे कळलं. आपण हे दोन शब्द एकतीस वर्षं किती सहज वाटले, याचा त्यांनी जिना उतरताना थोडा विचार केला, आणि मग तो विचार गैरसोयीचा म्हणून सोडून दिला.

मंगळवारी वीज निरीक्षक जागेवर नव्हते. बुधवारी होते, पण त्यांचा शिक्का जागेवर नव्हता. बुधवारी दुपारी अखेर अर्ज दाखल झाला, पोच मिळाली, आणि गुरुवारी दुपारी नोंदणी कार्यालयाचे निरीक्षक स्वतः घरी आले. अतिशय नम्र माणूस. बूट बाहेर काढले, पाणी मागून घेतलं, गिटारला हात लावायच्या आधी हात पुसले. मग त्यांनी पिशवीतून दोरा, मेणबत्ती आणि लाखेची कांडी काढली. तारांवरून चार ठिकाणी दोरा बांधला, गाठींवर लाख ओतली, बटणांवर लाख ओतली, आणि जिथे खोक्याची वायर खुपसायची त्या भोकातही लाख ओतून शिक्का मारला.

दप्तरदारांनी विचारलं, हे काय? निरीक्षक म्हणाले, नियम सात. अर्ज स्वीकारला की निकाल लागेपर्यंत वस्तू वापरता येत नाही, हलवता येत नाही. परदेशी वस्तू म्हणून प्रकरण मुख्य कार्यालयाकडे जाईल. फार नाही, सहा आठवडे. त्यांनी पुन्हा पाणी मागितलं, बूट घातले आणि नमस्कार करून गेले. दप्तरदारांचं तोंडचं पाणी पळालं होतं, त्यामुळे त्यांनी नमस्कारही केला नाही.

चार वाजता बाई घरी आल्या. पिशवीत चार नव्या तारा होत्या. नवऱ्याच्या 'तारा यायच्या आहेत'ची वाट पाहून त्यांनी स्वतःच आणल्या होत्या. टेबलावर लाखेने डागलेली गिटार पाहून त्या तशाच उभ्या राहिल्या. दप्तरदारांनी सगळं सांगितलं, क्रमाने, तारीखवार. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सदुसष्ट तास राहिले." मग खुर्चीवर बसल्या आणि रडायला लागल्या. दप्तरदारांनी त्यांना सासऱ्यांच्या मरणानंतर असं रडताना पाहिलं नव्हतं.

"ती परदेशी नाही," बाई म्हणाल्या. "बाबांनी केली ती. शाळेतल्या एका मोडक्या बाकापासून."

हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलीला बेस वाजवायची होती आणि विकत आणण्याची ऐपत नव्हती, तेव्हा मास्तरांनी दुसऱ्या पथकातल्या एकाच्या गिटारीचं माप कागदावर उतरवून घेतलं आणि सुट्टीच्या दिवसांत ही बनवली. पण घरी बनवलेली गिटार म्हटलं की लोक हसायचे. म्हणून त्यांनी डोक्यावर सोनेरी रंगाने नुसत्याच वेलांट्या काढल्या. ती अक्षरं नव्हतीच. ज्याला जे वाचायचंय ते वाचू दे, म्हणायचे. आणि लग्न ठरताना सासरची मंडळी घरी आली, कोणीतरी विचारलं की कोणत्या कंपनीची, तेव्हा बाईंनी सांगून टाकलं, परदेशी आहे. बाबा तिथेच बसले होते.

"ते हो म्हणाले. परदेशीच आहे म्हणाले, आणि सगळ्यांना पाणी द्यायला आत गेले," बाईंनी डोळे पुसले. "त्या हॉलमध्ये एकदा सगळ्यांसमोर खरं सांगायचं होतं मला. मग वाजवायचं होतं. सोमवारी तो हॉलही नसणार."

आणि मग, नको त्या वेळी, दप्तरदारांना तो क्रमांक आठवला. क-४/१७. नोंदवही क, पान चार, अनुक्रम सतरा. डेडस्टॉक रजिस्टरचा क्रमांक. शाळेतल्या आणि कचेरीतल्या प्रत्येक बाकावर, टेबलावर, कपाटावर पांढऱ्या रंगात घातला जातो तो. त्यांच्या स्वतःच्या खुर्चीच्या पाठीवर होता. गेली एकतीस वर्षं ते त्याला टेकून बसत होते. जगात हा क्रमांक बघताक्षणी ओळखायला हवा असा माणूस एकच असेल, तर तो ते स्वतः होते, आणि त्यांनी तो फेंडरच्या खात्यावर टाकला होता. एवढी नामुष्की त्यांनी आजवर कोणत्याही अर्जदाराची केली नव्हती.

शुक्रवारी कार्यालय उघडायच्या आधी ते निरीक्षकांच्या दारात उभे होते. निरीक्षकांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा कष्टी झाला. गिटार इथलीच असेल तर मुख्य कार्यालयाचा प्रश्न मिटला, ते जागेवर निकाल देऊ शकतात. पण मग ते लाकूड शाळेचं, म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. बाक रीतसर निकालात काढून मास्तरांना दिल्याची नक्कल आणा, शनिवारी दुपारी बारापर्यंत, मी स्वतः सील काढतो. जुनी रजिस्टरं कुठे असतात ते ठाऊक आहे ना? दप्तरखान्यात. तिथला माणूस मात्र फार अवघड आहे म्हणतात.

दप्तरदार म्हणाले, त्यांनीही तसंच ऐकलंय.

त्यानंतर दप्तरखान्यात जे घडलं त्याला साक्षीदार एकच, शिपाई. त्याच्या हातात चहाचा कप होता आणि तो चहा शेवटी गारच झाला. दप्तरदार आले ते आत न जाता खिडकीच्या बाहेर उभे राहिले, कारण अर्जदाराने बाहेर उभं राहायचं असतं. बाहेर उभं राहून त्यांनी अर्ज लिहिला आणि खिडकीतून आत सरकवला. मग वळसा घालून आत गेले, खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि अर्ज वाचला. अर्जदाराचं कागदपत्राशी नातं लिहिलेलं नव्हतं. त्यांनी अर्ज परत केला. पुन्हा वळसा घालून बाहेर आले, 'जावई' असं लिहिलं आणि पुन्हा आत सरकवला. आतून पोच मिळाली: तीन कामाचे दिवस, मंगळवारी या.

मंगळवारी तिथे हॉलच्या जागी विटांचा ढीग असणार होता. दप्तरदार पोच हातात धरून खिडकीबाहेर उभे राहिले.

"साहेब, आतून काढून घ्या ना. कोण बघतंय?" शिपाई म्हणाला.

दप्तरदारांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो हातातल्या चहाकडे बघायला लागला. मग त्यांनी तातडीच्या नकलेचा अर्ज मागून घेतला, म्हणजे आत जाऊन स्वतःच काढला आणि बाहेर येऊन घेतला. 'तातडीचे कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं: सांस्कृतिक कार्यक्रम. लिहिता लिहिताच त्यांना कळलं की आतला माणूस हे मंजूर करणार नाही. अशी सांस्कृतिक कारणं त्याने ढिगाने परत केली होती. त्यांनी ते खोडलं आणि सावकाश, जागा पुरेल इतक्या बारीक अक्षरात लिहिलं: अर्जदाराच्या पत्नीस तिच्या वडिलांनी केलेले वाद्य रविवारी वाजवायचे आहे. हॉल सोमवारी पाडणार आहेत. यापूर्वी अर्जदाराने ते नीट ऐकले नाही.

आत जाऊन ते खूप वेळ तो कागद वाचत बसले. मग त्यांनी 'मंजूर' लिहिलं. हा शब्द त्या रकान्याखाली पहिल्यांदाच उमटत होता, त्यामुळे अक्षर जरा वाकडं आलं.

शाळेची 'क' वही सगळ्यात वरच्या फळीवर होती, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर डोक्यावर. शिपायाने शिडी धरली. पान चार म्हणजे जुन्या बाकांची यादी. अनुक्रम एक ते सोळा, सगळे बाक निकालात काढलेले, घेणाऱ्यांच्या सह्या, आणि शेवटच्या रकान्यात 'कशासाठी'. जळण. जळण. जळण. पानभर जळण. अनुक्रम सतरा: बाक, सागवानी, एक नग, पाय मोडका. घेणार: सुतारकाम शिक्षक. कशासाठी: मुलीच्या वाद्यासाठी. खाली सही, सुताराच्या हाताची, जाडजूड, प्रत्येक अक्षर सुटं.

दप्तरदार शिडीवरच बसले. ऑडिटर आठवडाभर फोनमध्ये शोधत होते तो सगळा इतिहास या एका ओळीत होता, आणि त्याच्याखाली बसून ते लोकांना उद्या या म्हणत आले होते. शिपायाने विचारलं की डोळ्यांत धूळ गेली का. ते हो म्हणाले.

शनिवारी पावणेबाराला निरीक्षकांनी नक्कल दोनदा वाचली. म्हणाले, वस्तू प्राचीन नाही. दुर्मीळ आहे, पण आमच्या व्याख्येत बसत नाही. मग त्यांनी छोट्या चाकूने दोरे कापले, लाख खरवडली, फुंकर मारली आणि 'निकाली' असा शिक्का देऊन गेले. रेडिओवाल्याने दहा मिनिटांत बटण बदललं आणि तारा चढवल्या. बरोबर दहा मिनिटं, दप्तरदारांनी घड्याळ लावलं होतं. बाईंनी नकलेवरचे शेवटच्या रकान्यातले ते दोन शब्द किती वेळा वाचले कोण जाणे. शेवटी त्यांनी कागदाची बारीक घडी केली, गिटारची मागची पट्टी उघडली आणि घडी आत, क्रमांकाशेजारी ठेवून दिली.

रविवारी हॉल भरला होता. दप्तरदार पहिल्या रांगेत, शेजारी ऑडिटर, मागे रेडिओवाला. चौघी स्टेजवर आल्या. दातांच्या डॉक्टरीणबाई ड्रममागे बसल्या तशा भीतिदायकच दिसत होत्या. वाजवायच्या आधी बाई माइकपाशी गेल्या. वर्गात बोलतात तशाच, साध्या आवाजात म्हणाल्या, "ही गिटार परदेशी आहे असं मी एकदा सांगितलं होतं. ती माझ्या वडिलांनी केली आहे. या शाळेतल्या बाकापासून." एवढंच बोलून त्या जागेवर गेल्या. हॉलमध्ये म्हाताऱ्या झालेल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी आपण बसलेल्या बाकांकडे खाली वाकून पाहिलं.

पहिलं गाणं झालं. दप्तरदारांना, खरं सांगायचं तर, या वेळीही गाणारी ऐकू आली, साधी गिटार ऐकू आली, ड्रम तर बाहेरच्या रस्त्यावरही ऐकू गेले असतील. बाईंचं नेमकं काय ते त्यांना कळेना. त्यांना स्वतःची लाज वाटली. दुसरं गाणं सुरू झालं आणि मध्यावर काहीतरी बिनसलं. गाणारी गात होती, ड्रम वाजत होते, पण एक पाय आखूड असलेल्या टेबलासारखं गाणं डुगडुगायला लागलं. हॉलमध्ये कोणाच्या लक्षात आलं नाही. ऑडिटर मान डोलावतच होते. दप्तरदारांना मात्र खालून आधार काढून घेतल्यासारखं वाटलं. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंची बोटं चालू होती आणि चेहरा पांढरा पडला होता.

ते उठले. स्टेजला पायऱ्या होत्या, पण त्या लक्षात न आल्याने ते पोटावरून सरपटत वर चढले, रांगत बाईंपाशी गेले आणि गिटारमधली वायर उपसून त्यांनी भोकात डोळा घातला. आत, कडेला, लाखेचा एक लालभडक तुकडा अडकला होता. नियम सात. त्यांनी खिशातून दाभण काढलं, एकतीस वर्षं सरकारी फायलींतून फिरलेलं, आणि तो तुकडा उकरून काढला. वायर परत खुपसली.

आवाज आला तो आधी त्यांच्या गुडघ्यांना कळला. स्टेजच्या फळ्यांमधून वर आला, छातीत शिरला, आणि गाणं पुन्हा चार पायांवर उभं राहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बहुतेकांना वाटलं हा साउंडवाला. मागच्या रांगेत खरा रेडिओवाला नाराज झाला. दप्तरदार खाली उतरले नाहीत. त्यांचा गुडघा धरला होता हे खरं, पण धरला नसता तरी ते उतरले नसते. उरलेली तिन्ही गाणी त्यांनी तिथेच, बायकोच्या पायाशी मांडी घालून ऐकली.

बाहेर पडताना ऑडिटरांनी हळूच विचारलं, ते सगळं ठीक आहे, पण सोनेरी अक्षरांत थोडं फेंडरसारखं दिसतंच ना? दप्तरदारांनी त्यांना उद्या या म्हणून सांगितलं.

घरी चहा पिताना बाईंनी कपात बघत विचारलं, "ऐकू आलं?"

"थांबलं तेव्हा आलं," दप्तरदार म्हणाले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "सत्तावीस वर्षांपूर्वी थांबलं, तेही तेव्हाच ऐकू यायला हवं होतं."

बाईंनी दप्तरदारांचा शर्ट मागून घेतला आणि खिशाचं भोक शिवायला बसल्या. गिटार माळ्यावर गेली नाही. कपाट सरकवून तिला भिंतीशी जागा केली गेली.

सोमवारी, तिकडे हॉलची पहिली भिंत पडत असताना, दप्तरदारांनी शिडी लावली आणि शाळेची 'क' वही खाली काढली. बंद झालेल्या नोंदवहीत काही लिहिणं हा गुन्हा आहे, हे त्यांनी आजवर तीन शिपायांना आणि एका साहेबाला बजावलं होतं. त्यांनी शिपायाला चहा आणायला पाठवलं, पान चार उघडलं आणि अनुक्रम सतराच्या शेऱ्यात, शाईने, लिहिलं: समक्ष तपासले. चालू स्थितीत आहे.